टोकन देण्याआधी डीपी कसा बघायचा (पुण्याच्या कडेला घर घेणाऱ्यांसाठी)

सेल्स ऑफिसमधलं काचेच्या पेटीतलं मॉडेल कधी नीट बघितलंय का? टॉवर, स्विमिंग पूल, क्लबहाऊस हे सगळं बिल्डरच्या जागेतलं असतं, पण समोरून जाणारा तो रुंद, झाडं लावलेला, चिमुकल्या गाड्या धावणारा रस्ता मात्र बिल्डरचा नसतो. तो डीपीचा असतो. म्हणजे महापालिकेच्या नाहीतर पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) विकास आराखड्यातली ती एक रेघ असते, आणि ती रेघ जमिनीवर उतरणार का, कधी उतरणार, किती रुंदीची उतरणार हे ब्रोशरमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. पुण्यात बिल्डिंग आधी येते, लोक राहायला येतात, प्रत्येक घरात एक कार नि दोन टूव्हीलर येतात, आणि रस्ता येतो मागून, कधीकधी दहा-पंधरा वर्षांनी. २०१८ मध्येच बातमी आली होती की शहरात ३५ लाख माणसं नि ३६ लाखांवर वाहनं झालीत, त्यानंतर तर काय बोलायलाच नको.

म्हणून वाघोली, उंड्री, पिसोळी, म्हाळुंगे, किरकटवाडी, मांजरी, सूस असल्या कडेच्या भागात घर बघत असाल तर टाइल्स कुठल्या नि लिफ्ट कुठल्या कंपनीची हे नंतर बघा, आधी हा आराखडा बघा. वकील टायटल बघतो, बँक कागद बघते, पण समोरचा रस्ता होणार का हे दोघंही बघत नाहीत, त्यांचं ते कामच नाही. ते तुम्हालाच बघायचंय, आणि वाटतं तेवढं अवघड नाहीये.

आधी कोणाच्या हद्दीत आहे ते ठरवा

हे बावळट वाटेल पण बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पत्त्यात पुणे लिहिलंय म्हणजे पुणे महापालिका असं काही नसतं. पुणे मनपा, पिंपरी-चिंचवड मनपा, पीएमआरडीए, एमआयडीसी, तीन कॅन्टोन्मेंट, नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती, एवढे सगळे आहेत. हिंजवडीचंच बघा, आयटी पार्क एमआयडीसीचा, आजूबाजूच्या बिल्डिंगांना परवानगी पीएमआरडीएची, गाव ग्रामपंचायतीचं, मग रस्त्यात पाणी तुंबलं की कोणाला फोन करायचा हा प्रश्न दर पावसाळ्यात नव्याने पडतो.

पुणे मनपाची हद्द पण सारखी वाढत आलीये. १९९७ ला गावं आली, २०१७ ला ११ गावं आली, मग ३० जून २०२१ ला आणखी २३, आणि क्षेत्रफळात पुणे मुंबईच्या पुढे गेलं. नंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. आता प्रत्येक खेपेला आलेल्या गावांची आराखड्याची स्थिती वेगळी आहे. जुन्या हद्दीचा डीपी ५ जानेवारी २०१७ ला मंजूर झाला, आणि तो २००७ ते २०२७ या काळासाठीचा आहे, म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्यातली दहा वर्षं मंजुरी मिळेपर्यंतच संपली होती, हे जरा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. २०२१ च्या गावांच्या बाबतीत तर गावं महापालिकेत पण आराखडा पीएमआरडीएकडे अशी गंमत काही वर्षं चालू होती. पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रारूप आराखडा सरकारने २०२५ मध्ये रद्दच केला. त्या आराखड्याच्या नकाशावर रंगीत गोल काढून लोकांनी प्लॉट विकलेत, आणि तो नकाशा अजूनही व्हॉट्सॲपवर फिरतोय. कोणी तुम्हाला पीएमआरडीएचा डीपी म्हणून पीडीएफ पाठवला तर पहिला प्रश्न विचारा, हा कुठल्या सालचा आणि मंजूर आहे का? मंजूर नसेल तर तिथे मागचा प्रादेशिक आराखडा चालतो, लोक ज्याला आरपी म्हणतात तो.

सर्व्हे नंबर घ्या, पत्ता नको

डीपीमध्ये सोसायटीचं नाव नसतं, सर्व्हे नंबर असतो. बिल्डरकडून किंवा महारेराच्या साइटवर प्रोजेक्टच्या पानावरून सर्व्हे नंबर किंवा गट नंबर आणि हिस्सा नंबर घ्या, हिस्सा विसरू नका, एकाच सर्व्हे नंबरचा निम्मा भाग नकाशावर पिवळा (रहिवासी) नि निम्मा हिरवा (शेती) असू शकतो. ते घेऊन महाभूलेख या सरकारी साइटवर सातबारा बघा, बघायला फुकट आहे, डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये पडतात. सातबाऱ्यावर इतर हक्काचा रकाना वाचा, भोगवटादार वर्ग १ (मालकाला मोकळेपणाने विकता येणारी जमीन) आहे का २ (विकायला सरकारची परवानगी लागणारी) ते बघा, बाकीचं वकिलावर सोडा, आपला विषय तो नाही.

मग झोन दाखला आणि पार्ट प्लॅन काढा. झोन दाखल्यात तो सर्व्हे नंबर कुठल्या झोनमध्ये आहे, कुठलं आरक्षण पडलंय (म्हणजे बाग, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी जागा राखलीये का), कुठला डीपी रस्ता जातो हे शब्दात लिहिलेलं असतं आणि पार्ट प्लॅन म्हणजे डीपीच्या नकाशाचा तेवढाच तुकडा, सही-शिक्क्यानिशी. मनपा हद्दीत मनपाकडे अर्ज करायचा, पीएमआरडीएच्या हद्दीत असेल तर त्यांच्या आकुर्डीच्या ऑफिसला. फी फार नसते. बिल्डर म्हणेल आमच्याकडे आहे की कॉपी, कशाला त्रास घेता, त्याची कॉपी घ्या आणि तरीही स्वतःची काढा, कारण त्याच्याकडची जुनी असू शकते आणि मधल्या काळात एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल झालेला असू शकतो. आणि हो, मागताना फक्त आपल्या सर्व्हे नंबरचा मागू नका, चारी बाजूच्या नंबरांचा पण मागा. खरी माहिती शेजारच्या जागेतच असते.

नकाशा हातात आल्यावर रंग बघा. साधारणपणे पिवळा म्हणजे रहिवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा म्हणजे शेती, बाग नाहीतर ना-विकास, पण आराखड्यागणिक छटा बदलतात त्यामुळे कोपऱ्यातली सूची बघितल्याशिवाय छातीठोकपणे काही बोलू नका. समोर कायमचा ओपन व्ह्यू आहे असं सांगत असतील आणि समोरचा तुकडा पिवळा असेल तर तो व्ह्यू जास्तीत जास्त पुढचा बिल्डर येईपर्यंतचा आहे. समोर बागेचं किंवा शाळेचं आरक्षण असेल तर थोडं बरं, पण आरक्षण म्हणजे बाग नव्हे. एमआरटीपी कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. पुण्याचा डीपी २०१७ चा, दहा वर्षं मोजा म्हणजे कळेल की आता कुठल्या कुठल्या बागांचा नंबर लागू शकतो.

टेकडीच्या जवळ असाल तर बीडीपी (जैवविविधता उद्यान) आणि हिल टॉप-हिल स्लोप (डोंगरमाथा-डोंगरउतार) हे दोन शब्द शोधा. १९९७ ला आलेल्या गावांमधल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, तिथे घर म्हणून काही विकत असतील तर सरळ घरी या. नदी-ओढ्याच्या बाजूला असाल तर निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि दोन्हींच्या मधे बांधकाम करायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटीमीटर वर घ्यावं लागतं. तुमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर असला तरी गाडी बेसमेंटमध्ये असते हे विसरू नका. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडच्या एकतानगरीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तर नदी नव्हे, आंबिल ओढा घरांत शिरला होता. ओढा नकाशावर बारीक निळी रेघ दिसतो म्हणून त्याला बारीक समजू नका.

आता रस्ता, आणि इथे वेळ द्या

पार्ट प्लॅनवर प्रत्येक डीपी रस्त्याच्या बाजूला रुंदी लिहिलेली असते, ९, १२, १८, २४, ३० मीटर अशी. ही रुंदी म्हणजे महापालिकेची इच्छा. ती इच्छा पुरी व्हायला बऱ्याच पायऱ्या असतात, आणि तुमचा रस्ता कुठल्या पायरीवर अडकलाय हे शोधणं म्हणजेच निम्मं घर शोधणं.

आराखड्यात रेघ आली की आधी जागेवर आखणी व्हावी लागते, मोजणी व्हावी लागते, मग रस्त्याखालची जागा पालिकेच्या ताब्यात यावी लागते, आणि खरी गोची इथे होते. जागामालकाला रोख पैसे हवे असतात, पालिकेला टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) नाहीतर एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण) देऊन भागवायचं असतं कारण २०१३ च्या भूसंपादन कायद्याने रोख मोबदला द्यायचा म्हटलं तर आकडा डोळे पांढरे करणारा होतो. मधल्या एका मालकाने नाही म्हटलं, किंवा भावाभावांत कोर्टात केस चालू असली, की दोन्हीकडून रस्ता येऊन तिथे थांबतो. पालिका याला मिसिंग लिंक म्हणते. आपण त्याला रोजचा दीड किलोमीटरचा वळसा म्हणतो.

याचा सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे बिल्डरने स्वतःच्या प्लॉटपुरता केलेला डीपी रस्ता. त्याच्या लेआउटमधून २४ मीटरचा रस्ता जात असतो, तो ती जागा पालिकेला देतो, बदल्यात एफएसआय घेतो, आणि तेवढा तुकडा झकास काँक्रीटचा करतो, मधे डिव्हायडर, डिव्हायडरमध्ये बोगनवेल, दोन्हीकडे दिवे. तीनशे मीटरनंतर ज्वारीचं शेत नाहीतर पत्र्याचं कंपाउंड. साइट व्हिजिटची गाडी तुम्हाला बरोबर त्या तीनशे मीटरवरून आत नेते. तुम्ही काय करायचं, तर गेटपाशी उतरायचं आणि रस्ता जिथे संपतो तिथपर्यंत चालत जायचं, आणि दुसऱ्या टोकाला पण तो मेन रोडला जिथे मिळतो तिथपर्यंत. मधे जेवढे सर्व्हे नंबर लागतात त्यांचे सातबारे बघायचे, ज्यांच्यावर पालिकेचं नाव चढलंय तो भाग झाला, ज्यांच्यावर अजून पाच वारस नि दोन बहिणींची नावं आहेत तो भाग राहिला. वेळ लागतो पण आयुष्यभराचं कर्ज काढताय, एक दुपार द्या की.

जिथे ऑनलाइन काही कळत नाही तिथे माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. प्रश्न गोल विचारू नका, "रस्ता कधी होणार" असं विचारलं तर "कार्यवाही सुरू आहे" असं उत्तर येतं आणि झालं. असं विचारा: अमुक सर्व्हे नंबर ते तमुक सर्व्हे नंबर या अमुक मीटर डीपी रस्त्याखालच्या किती क्षेत्राचा ताबा आलाय, कुठल्या सर्व्हे नंबरचा बाकी आहे, चालू अंदाजपत्रकात या रस्त्यासाठी तरतूद आहे का, असेल तर किती, आणि टेंडर निघालंय का. यातल्या तरतुदीच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात खरं असतं. ताबा शून्य आणि तरतूद शून्य असेल तर तो रस्ता तुमच्या मुलांच्या लग्नापर्यंत तरी धरू नका.

अतिशयोक्ती वाटत असेल तर शहरातलीच उदाहरणं घ्या. एचसीएमटीआर, म्हणजे शहराभोवती फिरणारा तो सुमारे ३६ किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग, १९८७ च्या डीपीत आहे, अजून कागदावरच आहे. बालभारती ते पौड फाटा रस्ता पण जुनाच, तो वेताळ टेकडीवरून जातो म्हणून लोकांनी विरोध केला, आणि माझ्या मते बरोबरच केला, पण मुद्दा असा की रेघ असून रस्ता नाही. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटरचा ठरला होता, जागेचे पैसे झेपेनात म्हणून ५० मीटरवर आणला, आणि ते काम पण किती वर्षं रखडलं हे तिथून रोज जाणाऱ्याला विचारा. शिवणे-खराडी नदीकाठच्या रस्त्याचं नाव काढलं तर कोथरूड-वारज्याकडची माणसं नुसती हसतात. हे सगळे मोठे, पेपरात नाव येणारे रस्ते आहेत, ह्यांचं जर असं तर तुमच्या सोसायटीच्या मागच्या १२ मीटरवाल्याचा कोण वाली.

अजून एक बघा, आज साइटवर जायला जो रस्ता वापरताय तो कोणाचा आहे. बऱ्याचदा तो डीपीचा नसतोच, शेजारच्या मालकाच्या शेतातून वहिवाटीचा असतो किंवा जुनी पाणंद असते. टायटल रिपोर्टमध्ये येण्याजाण्याच्या हक्काबद्दल काय लिहिलंय ते वकिलाला मोठ्याने वाचायला सांगा. उद्या शेजाऱ्याने गेट लावलं तर दोनशे कुटुंबं आत नि गाड्या बाहेर.

रुंद रस्ता म्हणजे नुसती चैन नाही

लोक म्हणतात ३० मीटरचा रस्ता टच आहे, मस्त, ट्रॅफिक नाही लागणार. थांबा जरा. मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर नावाची एकच नियमावली लागू झाली, तिच्यात किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. पुण्यासारख्या महापालिकेत गावठाणाबाहेर बेसिक एफएसआय १.१०, वर पैसे भरून मिळणारा प्रीमियम, वर टीडीआर, असं करत ९ मीटरच्या रस्त्यावर एकूण २ पर्यंत आणि ३० मीटर किंवा जास्त असेल तर ३ पर्यंत जाता येतं, आणि घरांसाठी त्यावर पुन्हा ६० टक्के ॲन्सिलरी, म्हणजे बाल्कनी, जिने वगैरेसाठीचा जादा एफएसआय. मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत तर टीओडीच्या (मेट्रोलगत जास्त बांधू देणाऱ्या) नियमाने ४ पर्यंत. म्हणजे रस्ता जेवढा रुंद तेवढे टॉवर उंच, आणि टॉवर जेवढे उंच तेवढ्या गाड्या त्याच रस्त्यावर. रुंदी वाढवून मोकळी झालेली जागा एफएसआयने भरून निघते, मग पुन्हा रुंदी वाढवा. २०२० मध्ये शहरातले ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव आला होता त्यामागचं गणित हेच, ९ मीटरच्या आत टीडीआर वापरता येत नाही.

तेव्हा मंजूर नकाशावर परवानगी कुठल्या रुंदीवर दिलीये ते बघा, आज जमिनीवर आहे त्या की आराखड्यात आहे त्या. आणि आजूबाजूच्या पिवळ्या तुकड्यांवर अजून किती बिल्डिंगा उभ्या राहू शकतात याचा ढोबळ अंदाज घ्या. महारेराच्या साइटवर त्याच गावाचं नाव टाकून शोधलंत की चालू प्रोजेक्टांची यादी येते, प्रत्येकात किती फ्लॅट ते लिहिलेलं असतं, बेरीज करा. ती सगळी माणसं सकाळी नऊला एकाच चौकातून बाहेर पडणार आहेत. चांदणी चौकाचा जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला, नवीन रचना ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली, चौक खरंच मोकळा झाला पण त्याच भरवशावर पलीकडे भूगाव-पिरंगुटपर्यंत जे बांधलं जातंय ते सगळं परत तिथूनच येणार, दुसरी वाट आहे कुठे.

आणि साइट बघायला रविवारी नका जाऊ, सोमवारी सकाळी जा, साइटपासून तुमच्या ऑफिसपर्यंत नऊ वाजता गाडी काढा. पावसाळ्यात जमलं तर अजून चांगलं. तिथेच उभं राहून एक यादी करा: दूध, भाजी, मेडिकल, शाळा, दवाखाना, पीएमपीचा स्टॉप, यातलं चालत काय काय जमतं, आणि चालत म्हणजे नकाशावर ८०० मीटर नव्हे, फूटपाथ आहे का, हायवे ओलांडायचाय का, रात्री दिवे आहेत का. नगर रोड किंवा बायपासच्या बाजूला तर समोर दिसणाऱ्या दुकानात जायला तीन किलोमीटरचा यू टर्न मारावा लागतो. चालत काहीच जमत नसेल तर तुमच्या घराच्या किमतीत दुसऱ्या गाडीचा हप्ता आणि पेट्रोल धरा, मग शहरातला थोडा लहान, थोडा जुना फ्लॅट खरंच एवढा महाग आहे का ते बघा. माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा नसतो. पण ते मत झालं, हिशोब ज्याचा त्याने करावा.

पार्किंगचं पटकन सांगतो. स्टिल्टमधलं, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधलं पार्किंग वेगळं विकता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये जुन्या कायद्याखाली म्हटलं होतं, रेरा आल्यावर मात्र मंजूर, छताखालच्या पार्किंगचे पैसे घेता येतात, उघड्यावरच्या पार्किंगचे घेताच येत नाहीत. २०२४ मध्ये महारेराने सांगितलंय की पार्किंगचा नंबर, लांबी, रुंदी, उंची, जागा हे सगळं करारनाम्याच्या जोडपत्रात लिहायचं. ते लिहून घ्या, आणि टेप घेऊन जा, दोन खांबांमध्ये तुमची गाडी जाते पण दार उघडत नाही असली पार्किंगं पुष्कळ आहेत. पाण्याचं पण विचारा, पालिकेचं पाणी येईपर्यंत टँकरची सोय करू असं हमीपत्र परवानगीच्या वेळी बिल्डरने दिलंय का, आणि सोसायटी ताब्यात दिल्यावर तो खर्च कोणाच्या गळ्यात पडणार.

प्लॉट घेणाऱ्यांनो, तुमच्यासाठी दोन शब्द

"आर झोन टच", "एनए प्रपोज्ड", "लवकरच आर झोन होणार", हे तिन्ही शब्द म्हणजे आज तो ग्रीन झोन आहे याची कबुली (आर झोन म्हणजे रहिवासी, एनए म्हणजे बिगरशेती). गुंठ्या-दोन गुंठ्याचे तुकडे संमतीपत्रावर नाहीतर सामाईक सातबाऱ्यावर नाव लावून विकतात, खाली तुकडेबंदीचा (ठराविक मापापेक्षा लहान तुकडे विकू न देणारा) कायदा असतो, वर डीपीचा रस्ता असतो, मधे तुम्ही. गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहे म्हणून वेगळी एनए परवानगी लागत नाही असं एजंट सांगतात, जमीन महसूल संहितेत ४२-ड मध्ये तशी तरतूद आहे हे खरं, पण ते २०० मीटर गावठाणाच्या हद्दीपासून मोजायचे असतात, गावाच्या कमानीपासून नाही, आणि त्याने डीपी रस्ता किंवा पूररेषा पुसली जात नाही. मोजणी नकाशा दाखवा म्हणावं. नाही दाखवला तर चहा प्या नि निघा.

आराखडा नव्याने येतोय, मग हरकत कशी घ्यायची

ज्या भागाचा डीपी अजून व्हायचाय तिथे तुम्ही आधीच राहत असाल किंवा घेऊन बसला असाल, तर प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की एमआरटीपीच्या कलम २६ खाली हरकती-सूचना मागवतात. मुदत साधारण तीस दिवसांची, कधी वाढवून मिळते, त्या भरवशावर राहू नका. राजपत्रात आणि पेपरात जाहिरात येते, अगदी बारीक टायपात, म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर एका रिटायर्ड काकांना हे काम देऊन टाका, ते आवडीने करतात.

हरकतीचा अर्ज छापील फॉर्मेटमध्ये शेकड्याने देतात ते मला फारसं पटत नाही. पुण्याच्या २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर हरकतींचा पाऊस पडला होता, शेवटी २०१५ मध्ये सरकारने आराखडा पालिकेकडून काढून स्वतःच्या समितीकडे दिला. एवढ्या ढिगात गोल गोल लिहिलेला कागद कोण वाचणार? अर्ज एका पानाचा ठेवा, वर सर्व्हे नंबर, गाव, नकाशाची शीट, आरक्षणाचा नंबर किंवा रस्त्याची रुंदी, खाली सरळ मागणी, की हे आरक्षण कायम ठेवा, हा रस्ता अमुक ठिकाणी अमुक रस्त्याला जोडा, हा इंडस्ट्रियल झोन शाळेला चिकटलाय तो हलवा. सोबत पार्ट प्लॅनवर लाल पेनने खूण करून जोडा, जागेचे फोटो जोडा. नुसतं "आमचा विरोध आहे" लिहू नका, पर्याय द्या. पोच घ्या, आवक नंबर जपून ठेवा, त्या नंबरावरच सुनावणीचं पत्र येतं.

एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो, हरकत फक्त स्वतःच्या जमिनीवरचं आरक्षण उठवण्यासाठीच घ्यायची असते असा समज झालाय. सुनावणीला जाऊन बघा, जमीनमालकांची रांग असते, वकील, आर्किटेक्ट घेऊन आलेली. बाग, शाळा, दवाखाना, बस डेपो हवा म्हणणारे फ्लॅटवाले शोधावे लागतात, कारण त्यांना वाटतं आपली जमीनच नाही तर आपला काय संबंध. सुनावणी घेणाऱ्या समितीत सात माणसं असतात, स्थायी समितीचे सदस्य आणि सरकारने नेमलेले जाणकार, त्यांच्यासमोर दिवसभर एकच गाऱ्हाणं येतं की आरक्षण काढा, मग आरक्षणं कमी झाली तर नवल काय. बस डेपोसाठी, पीएमपीच्या टर्मिनलसाठी जागा मागा, त्या मागायला कधीच कोणी जात नाही, आणि मग दर घराला दोन गाड्या लागतात म्हणून आपणच रडतो.

सुनावणीला वेळ दोन-तीन मिनिटं मिळतो. शेतकऱ्याचा मुलगा असलेला कोणी मित्र असेल तर सोबत न्या, त्याला तिथल्या भाषेत बोलता येतं. एकच मुद्दा बोला, नकाशावर बोट ठेवून बोला, आणि म्हणणं लेखी पण हातात द्या.

त्यानंतर समितीचा अहवाल होतो, आराखड्यात बदल होतात, तो सरकारकडे जातो, आणि कलम ३१ खाली मंजुरी येते. इथे बहुतेक जण झोपतात. मंजुरी येताना काही भाग वगळून येतो, त्याला ईपी म्हणतात, म्हणजे सरकारला त्यात मोठे बदल करायचे असतात म्हणून तेवढ्या भागासाठी पुन्हा हरकती मागवतात. तुमच्या जवळची बाग पहिल्या फेरीत वाचली आणि ईपीच्या यादीत गेली असं होऊ शकतं. ती यादी नंबरवार असते, ईपी-१, ईपी-२ अशी, प्रत्येक नंबरासमोर प्रसिद्ध केलेला प्रस्ताव काय होता आणि सरकारला काय करायचंय ते लिहिलेलं असतं. आपल्या गावाचे नंबर शोधा, आणि पहिल्या अर्जाचा आवक नंबर टाकून नवा अर्ज परत द्या, जुनाच धरतील असं समजू नका, धरत नाहीत.

आणि टोकन. बिल्डरला रजिस्टर करारनामा केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, रेराचं कलम १३. झोन दाखला आणि माहिती अधिकाराचं उत्तर हातात येईपर्यंत पाच पैसे देऊ नका, सेल्सवाला म्हणेल सर उद्यापासून रेट वाढतोय, त्याला म्हणावं वाढू दे, रस्त्याखालच्या जागेच्या ताब्याचं पत्र तेवढं काढून ठेव, ते घेऊन आलो की बोलू.